शाळेचा पट आणि खेड्यातले मूल

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण आयुक्तालयाने एक पत्र काढले. ज्या शाळांचा पट एक ते वीस इतकाच आहे, त्या एकत्र करून त्यांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारता येतील काय, याविषयी क्षेत्रीय अधिकाऱ्यांकडून प्रस्ताव मागविण्यात आले. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील प्रयोग आदर्श म्हणून समोर ठेवले गेले. त्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार राज्यात अशा शाळा १४,७८३, त्यांतील विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७ होते. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता आणि त्यावरही मोठे रान उठले होते.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत या विषयाला स्थान कशासाठी, असे एखादा वाचक विचारील. आपल्या वसतिगृहात ट्रंक घेऊन येणारी बहुतेक मुले अशाच शाळांतून आलेली असतात. त्या शाळांचे आज जे होईल, ते आणखी पाच वर्षांनी आपल्या वर्गात बाकावर येऊन बसणार आहे. म्हणून शाळेच्या आकाराचा आणि तिच्या ठिकाणाचा मुलाच्या शिकण्याशी नेमका कोणता संबंध आहे, हे आम्ही येथे थोडे खोलात जाऊन पाहणार आहोत.

वरील आकड्यांचा भागाकार केला तर दर शाळेमागे साडेबारा मुले आणि दोन शिक्षक, म्हणजे दर शिक्षकामागे सुमारे सहा मुले पडतात. अर्थखात्याच्या नजरेने ही चैन आहे. परंतु तोच आकडा दुसऱ्या बाजूने वाचता येतो. शाळा पहिली ते चौथी असेल तर दर शिक्षकामागे दोन वर्ग, पाचवीपर्यंत असेल तर अडीच वर्ग. एक शिक्षक रजेवर गेला, प्रशिक्षणाला गेला, निवडणुकीच्या कामाला जुंपला गेला, की उरलेल्या एकाच्या वाट्याला सगळे वर्ग. मुलांची डोकी मोजली तर शिक्षक जास्त दिसतात. वर्ग मोजले तर तेच शिक्षक अपुरे पडतात. लहान शाळेविषयीचा सारा वाद या दोन मोजण्यांच्या मधल्या फटीत अडकलेला आहे, असे आमचे मत आहे.

शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वद मुलांसाठी तीन, अशी चढती संख्या दिली आहे. एकशिक्षकी शाळेचा शाप निदान कागदावर तरी या तरतुदीने पुसला, हे तिचे मोठे श्रेय. मात्र तिनेही मोजली ती डोकीच. आपल्याकडील संच मान्यता वर्षानुवर्षे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरत आली. त्या एका दिवशी हजेरीपटावर किती नावे आहेत, यावर पुढच्या वर्षी त्या गावाला किती शिक्षक मिळणार हे ठरते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत खोट्या नावांचा सुळसुळाट उघड झाला. त्यामागे काही ठिकाणी लबाडी होती यात शंका नाही. पण नियमच असा होता की एक शिक्षक वाचवायचा तर दोन नावे वाढवावीत, असा मोह तो निर्माण करीत होता, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

आता आपला जिल्हा पाहा. अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा : १७,०४८ चौरस किलोमीटर, चौदा तालुके, २०११ च्या जनगणनेत पंचेचाळीस लाखांवर लोकसंख्या आणि तीतील पाचात चार माणसे ग्रामीण. पण ‘ग्रामीण’ हा शब्द येथे एकाच गोष्टीचा वाचक नाही. राहाता, श्रीरामपूर, संगमनेरच्या पाटपाण्याच्या पट्ट्यात सहकारी साखर कारखान्यांच्या आधाराने वाढलेली शिक्षणसंकुले आहेत. तेथे एकेका आवारात हजारांवर मुले शिकतात. अकोल्याच्या पश्चिमेला कुमशेत, पाचनई, रतनवाडी, साम्रद या बाजूला डोंगराच्या घड्यांमध्ये महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या विखुरल्या आहेत. घाटघरच्या पावसाला तर लोक नगरची चेरापुंजी म्हणतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरड्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. एकच जिल्हा परिषद, पण शाळा लहान असण्याची कारणे मात्र तीन ठिकाणी तीन.

डोंगरात शाळा लहान आहे कारण वाडीच लहान आहे. वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीत प्राथमिक वयाची मुले असणार तरी किती? तेथे कमी पट हा शाळेचा दोष नव्हे, तो भूगोल आहे. ऊसतोडीच्या गावात पट सप्टेंबरअखेर भरलेला असतो आणि दिवाळीनंतर रिकामा होतो. कागदावर शाळा मोठी आणि प्रत्यक्षात अर्ध्या वर्षाची. मूल टोळीबरोबर गेले तर कोपीत राहून धाकट्या भावंडाला सांभाळते. गावी राहिले तर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. तिसऱ्या प्रकारची गावे बागायती पट्ट्यातली. तेथे मुले आहेत, रस्ता आहे, वीज आहे, तरी जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरतो. जन्मदर घटला हे एक कारण. दुसरे कारण रोज सकाळी गावाच्या पारापाशी येऊन थांबते : इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी. तिच्यात चढणाऱ्या मुलांचे घर कोणते आणि मागे उरणाऱ्या मुलांचे घर कोणते, हे गावातला कोणीही माणूस डोळे मिटून सांगेल. मागे उरतात ती शेतमजुरांची, दलितांची, भिल्ल-पारध्यांची, सालगड्यांची मुले. म्हणजे ज्याला आपण कमी पटाची शाळा म्हणतो, ती पुष्कळदा गावाने सोडून दिलेल्यांची शाळा असते. बंद करायच्या शाळांची यादी पटावरून काढली, की ती आपोआप जातीची आणि वर्गाची यादी होते. कोणी तसा हेतू धरलेला नसला तरीही.

हे आम्ही आवेशाने म्हणत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस येथे एक जुनी रेघ दिसते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. १८८२ च्या हंटर आयोगाने सरकारी शाळांचे दार कोणाला बंद असू नये हे तत्त्व मान्य केले, पण वाट सुचविली ती जेथे मुले पुरेशी असतील तेथे वेगळ्या शाळांची. या वेगळ्या शाळा कशा होत्या? बहुधा लहान, एकशिक्षकी, गावकुसाबाहेर. आपल्या जिल्ह्यात १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने नेवासे-राहुरीकडच्या खेड्यांत ज्या शाळा उघडल्या, त्यांतील पुष्कळशा महारवाड्यातच भरत. (याच मिशनच्या सिंथिया फॅरारबाईंची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे.) तेव्हा आमच्या आजे-पणज्यांच्या दृष्टीने लहान शाळा ही एकाच वेळी दोन गोष्टी होती. ती बहिष्काराची खूण होती. आणि तीच अक्षराची एकमेव वाट होती. १९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांतील मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. शाळा बंद करण्याचा तोही निर्णयच होता. पण त्याने मुलाला दूर लोटले नाही, गावातल्या मोठ्या शाळेत हक्काने बसविले. म्हणून शाळा बंद होणे हे प्रत्येक वेळी वाईटच, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. बंद झालेल्या शाळेतले मूल दुसऱ्या दिवशी कोठे बसते, यावर सारे अवलंबून.

मुंबई कायदे मंडळात १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणखर्चावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात; उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, सायमन आयोगाला साहाय्य करणाऱ्या हार्टोग समितीनेही हीच गळती पाहिली, तिला अपव्यय म्हटले आणि एकशिक्षकी शाळांवर बोट ठेवले. येथपर्यंत दोघांचे निदान जवळजवळ सारखे. उपचार मात्र निराळे. हार्टोग समितीचा कल विस्तार आवरून आहे त्या शाळांची घडी बसविण्याकडे, एकत्रीकरणाकडे होता. बाबासाहेबांचे म्हणणे असे की शाळेत आलेले प्रत्येक मूल आयुष्यभर साक्षर राहील इतके शिकूनच बाहेर पडले पाहिजे आणि त्यासाठी सरकारने खर्चाचा हात सैल सोडला पाहिजे. ही तफावत जवळजवळ शंभर वर्षांची जुनी आहे, आणि २०२३ च्या पत्रावर जो वाद झाला त्यात तीच पुन्हा उभी राहिली.

आता मूळ प्रश्न. लहान शाळेत मूल कमी शिकते काय?

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत : लहान वर्ग आणि लहान शाळा. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात एक मोठा प्रयोग झाला. काही मुलांना तेरा ते सतरा जणांच्या वर्गात आणि काहींना बावीस ते पंचवीस जणांच्या वर्गात, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून बसविण्यात आले. लहान वर्गातली मुले वाचनात आणि गणितात पुढे गेली, आणि हा लाभ कृष्णवर्णीय मुलांना अधिक झाला. आपल्याकडे या प्रयोगाचा दाखला देऊन ‘मग आपल्या कमी पटाच्या शाळा तर उत्तमच’ असे म्हटले जाते. ते बरोबर नाही. टेनेसीच्या त्या तेरा मुलांच्या वर्गाला स्वतःचा एक शिक्षक होता आणि ती सारी मुले एकाच इयत्तेची होती. आपल्या तेरा मुलांच्या शाळेत चार इयत्ता असतात.

एका शिक्षकाकडे चारही वर्ग आले तर दिवस कसा जातो, याचा हिशेब मांडून पाहावा. शिकवण्याचे पाच तास धरले तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला सव्वा तास येतो, तोही शिक्षक दिवसभर फक्त शिकवीत राहिला तर. त्यातून पोषण आहाराचा तांदूळ, त्याची नोंद, ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ची माहिती, केंद्राच्या बैठका, मतदारयादी हे सारे वजा करायचे. उरलेल्या वेळात पहिलीला अक्षर ओळखायला लावताना चौथीला भागाकार ‘सोडवत बसा’ असे सांगावे लागते. मूल शाळेत पाच तास असते; शिकत असते त्याच्या पावपट. या शाळांतून आलेल्या मुलांच्या पायात जी कच राहते ती या हिशेबाची आहे, मुलांच्या बुद्धीची नाही.

तरीही प्रवेशाच्या वेळी आम्ही जेव्हा नव्या मुलांकडून परिच्छेद वाचून घेतो, तेव्हा अनेक वर्षांच्या अनुभवाने एक गोष्ट ध्यानात आली आहे. लहान शाळेतून आलेली मुले दोन टोकांना असतात. काहींना जोडाक्षर अडते. काही मात्र न थांबता वाचतात, आणि वाचलेल्यावर आपणहून प्रश्न विचारतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलांना खोदून विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : आमचे गुरुजी, किंवा आमच्या बाई, पहिलीपासून त्याच होत्या आणि शेजारच्या गावातच राहत होत्या.

दोन टोकांची ही गोष्ट आकडेशास्त्रालाही ठाऊक आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. चार मुलांच्या वर्गातून तीन मुले शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तीर्ण झाली की निकाल ७५ टक्के. पुढच्या वर्षी एकच झाले की २५ टक्के. शाळा तीच, शिक्षक तेच. शंभर मुलांच्या वर्गात एवढी उडी सहसा लागत नाही, कारण तेथे एका मुलाच्या तापाने टक्केवारी हलत नाही. म्हणून गुणवत्तेच्या कोणत्याही यादीत अगदी वर आणि अगदी खाली लहान शाळाच गर्दी करतात. अमेरिकेत २००० नंतर गेट्स प्रतिष्ठानने मोठ्या माध्यमिक शाळा फोडून लहान करण्यावर अमाप पैसा खर्च केला. वरच्या टोकाला लहान शाळा जास्त दिसतात, हा युक्तिवाद त्या लाटेमागे होता. खालच्या टोकालाही त्याच जास्त आहेत, हे हॉवर्ड वेनर यांच्यासारख्या आकडेतज्ज्ञांनी नंतर दाखवून दिले. आपल्याकडे हीच चूक उलट्या दिशेने होते. खालच्या टोकाच्या चार शाळा दाखवून सर्व लहान शाळांना नापास ठरविले जाते. पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी एका वर्षाच्या टक्केवारीवर विसंबून कोणत्याही लहान शाळेला ना हार घालावा, ना नोटीस द्यावी.

मोठ्या शाळेचे गुण आम्ही नाकारीत नाही. प्रयोगशाळा, ग्रंथालय, विषयवार शिक्षक, खो-खोचे दोन पूर्ण संघ, चित्रकलेचे शिक्षक हे बारा मुलांच्या शाळेला परवडत नाही. आणखी एक गोष्ट कागदावर येत नाही. दोनच मुलींच्या वर्गात एक रुसली की दुसरीला मैत्रीण उरत नाही; वादविवाद करायला समोर कोणी नसते. वय वाढते तशी ही उणीव वाढत जाते. परंतु मोठेपणालाही किंमत असते. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या अमेरिकन अभ्यासकांनी कॅन्सस राज्यातील लहान-मोठ्या माध्यमिक शाळांची तुलना करून १९६४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठ्या शाळेत उपक्रम अधिक होते, पण त्यांत प्रत्यक्ष भाग घेणारी मुले प्रमाणाने थोडी, बाकीची प्रेक्षक. लहान शाळेत नाटकाला, संघाला, कार्यक्रमाला प्रत्येक मूल लागतेच, म्हणून मागे राहणाऱ्यालाही पुढे यावे लागते. आपल्या स्नेहसंमेलनात व्यासपीठावर दरवर्षी तीच पंचवीस मुले दिसतात काय, हे आपण सर्वांनीच तपासून पाहण्यासारखे आहे.

आता अंतराकडे वळू. नियमाने पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. समूह शाळेत हे अंतर वाढले तर गाडीची सोय करू, असे आश्वासन असते. अकोले-संगमनेरच्या मळ्यांत राहणाऱ्या माणसाला विचारा. नकाशावरचा दीड किलोमीटर उसाच्या दोन फडांमधून जातो, आणि या भागात उसात बिबट्या असतो. पावसाळ्यात ओढा मध्ये येतो. गाडीचे देयक थकले की गाडी बंद होते, आणि ती प्रथम बंद होते ती शेवटच्या वाडीसाठी. अशा वेळी आईबाप मुलाला कदाचित पायी पाठवतील. मुलीला घरी ठेवतील. सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने शाळेचा सर्वांत महत्त्वाचा गुण तिचे जवळ असणे हाच आहे. बाकीचे सारे गुण त्यानंतर.

चीनचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. २००१ पासून तेथे लहान ग्रामीण शाळा बंद करून मोठ्या शाळांत विलीन करण्याची मोहीम राष्ट्रीय पातळीवर चालली. लाखो खेडेगावांतील शाळा गेल्या, लहानगी मुले वसतिगृहांत किंवा लांबच्या प्रवासात ढकलली गेली, आणि २०१२ मध्ये खुद्द तेथील सरकारनेच हे सरसकट विलीनीकरण थांबविण्याचा आदेश दिला. याउलट कोलंबियाने १९७० च्या दशकात लहान शाळा लहानच ठेवून शिकविण्याची रीत बदलली. ‘एस्कुएला नुएवा’, म्हणजे नवी शाळा, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत मुलांच्या हाती टप्प्याटप्प्याची स्वयंअध्ययन पुस्तिका असते, मोठे मूल लहानाला शिकविते, आणि एकाच शिक्षकाला अनेक इयत्ता सांभाळण्याचे रीतसर प्रशिक्षण दिलेले असते. १९९८ मध्ये लॅटिन अमेरिकेतील देशांच्या तुलनात्मक चाचणीत, महानगरे वगळता, ग्रामीण मुले शहरी मुलांच्या पुढे असलेला एकच देश आढळला, तो कोलंबिया. इतके लांब जायलाही नको. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने बहुवर्ग शाळांसाठी अशीच कार्डांची पद्धत बसविली आणि तिच्यावरून तामिळनाडूने आपल्या शाळांत कृतियुक्त अध्ययन आणले. आपल्या अध्यापक विद्यालयांत मात्र आजही पाठ घेतला जातो तो एका इयत्तेच्या भरलेल्या वर्गासमोर. आणि नेमणूक होते चार इयत्तांच्या शाळेवर.

कमी पटाची शाळा हा अपवाद उरलेला नाही, हेही लक्षात घ्यावे. ‘असर’ या ग्रामीण पाहणीत साठपेक्षा कमी मुले असलेल्या सरकारी शाळांचे प्रमाण देशभरात २०१० मध्ये १७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २९.९ टक्क्यांवर गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने देशातील एक लाखाहून अधिक एकशिक्षकी शाळांची नोंद घेतली आणि उपाय म्हणून ‘शाळा संकुला’ची कल्पना पुढे केली. ही कल्पना मुळात १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची. आपल्या कोल्हापूरचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. संकुल आणि समूह शाळा ही दोन नावे आज सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, आणि तेथे वाचकांनी सावध राहावे. संकुलात लहान शाळा जागेवर राहतात; मोठ्या शाळेची प्रयोगशाळा, क्रीडाशिक्षक, ग्रंथालय त्यांना वाटून मिळते. समूह शाळेत लहान शाळाच उरत नाहीत. एकीत साधने मुलाकडे येतात, दुसरीत मूल साधनांकडे जाते.

मूल साधनांकडे कधी गेले पाहिजे? निवासी शाळेचे लोक म्हणून याचे उत्तर देणे आम्हांस भाग आहे. आपल्या वसतिगृहांच्या परंपरेत एक क्रम दिसतो. शाहू महाराजांची कोल्हापुरातील वसतिगृहे, १९२५ चे बहिष्कृत हितकारिणी सभेचे सोलापूरचे वसतिगृह, १९२८ मध्ये बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटीची वसतिगृहे, ही प्रामुख्याने गावात पुढची शाळा नसलेल्या माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले, आणि पुढे खेडोपाडी शेकडो ‘व्हॉलंटरी’ शाळाही काढल्या, बहुतेक एकशिक्षकी. शिवाय त्यांना शिक्षक मिळावेत म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यातच अध्यापक विद्यालय उघडले. त्यांनी दारातली शाळा आणि दूरचे वसतिगृह यांना एकमेकांचा पर्याय मानले नाही. आजच्या योजनाही याच क्रमाने आखलेल्या आहेत. आपल्या जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयात प्रवेश सहावीला मिळतो. एकलव्य निवासी शाळा सहावीपासून, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये सहावीपासून, आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांमुलींच्या शासकीय निवासी शाळाही सहावीपासूनच. म्हणजे ज्या निवासी शाळांच्या निकालांचे आपण कौतुक करतो, त्या सर्व पहिल्या पाच वर्षांसाठी गावातल्या त्याच लहान शाळेवर विसंबून आहेत. तीच बंद केली तर नवोदयच्या परीक्षेला बसणार कोण? या क्रमाला ठळक अपवाद आश्रमशाळांचा, जेथे पहिलीपासून मुले घेतली जातात. डोंगरात कधी दुसरा इलाजही नसतो. पण सहा वर्षांचे मूल आईपासून तोडून आणलेले ज्यांनी रात्री अंथरुणावर पाहिले आहे, त्यांना हा इलाज शेवटचाच ठेवावासा वाटेल.

याचा सरळ अर्थ आपल्या संस्थेसाठीही निघतो. अलीकडे पालक पहिली-दुसरीच्या मुलांसाठी विचारणा करतात. गावची शाळा राहिली नाही, किंवा राहून न राहिल्यासारखी झाली, असे त्यांचे म्हणणे. जागा भरतात म्हणून आपण त्यात समाधान मानू नये, असे आम्हांस वाटते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले मूल असेल, आईबाप नसलेले मूल असेल, तर त्याला वयाची अट न लावता घ्यावे. इतरांच्या बाबतीत मूल घेण्याआधी त्या गावच्या शाळेची चौकशी आपण करावी, आणि गरज असेल तर पालकांबरोबर गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटावे.

दुसरी गोष्ट आपल्याला आजच करता येण्यासारखी आहे. आपल्या परिसरात, दहा किलोमीटरच्या आत, वीसच्या आतबाहेर पट असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. आपली विज्ञान प्रयोगशाळा शनिवारी दुपारनंतर रिकामी असते, ग्रंथालयात मराठी बालपुस्तकांच्या जादा प्रती आहेत, मैदान आहे. महिन्यातून एक शनिवार त्या शाळांच्या मुलांना येथे आणता येईल, आणि आपली आठवी-नववीची मुले त्यांच्याकडे वाचन घ्यायला जाऊ शकतील. आपले कितीतरी माजी विद्यार्थी आज जिल्हा परिषदेत शिक्षक आहेत. त्यांपैकी काही याच शाळांवर आहेत. चार इयत्ता एका खोलीत कशा चालवाव्यात, हे त्यांच्याइतके कोणत्याही प्रशिक्षणाला ठाऊक नाही. त्यांनी आपापली वेळापत्रके, कार्डे, युक्त्या आमच्याकडे लिहून पाठवाव्यात. संस्थेने त्या छापून तालुक्यातील सर्व कमी पटाच्या शाळांना ३० सप्टेंबरच्या आत पोहोचवाव्यात.